वहिवाटीची गोळी

भाद्रपद सरून आश्विन लागला, की पुण्याच्या भोवतालच्या टेकड्यांवरील गवत गुडघ्याच्या वर वाढून तुऱ्यांवर येते, पावसाने धुतलेली हवा हळूहळू कोरडी होऊ लागते, आणि ज्यांच्या प्रकृतीला परागकण सोसत नाहीत अशा माणसांच्या घरी पहाटेच्या प्रहरी शिंकांची जी माळ सुरू होते ती दिवाळीच्या पणत्या विझेपर्यंत तुटत नाही. इंग्रजीत या व्याधीला 'हे फीवर', म्हणजे वाळल्या गवताचा ज्वर, असे नाव पडले आहे. वस्तुतः तिच्यात ज्वर मुळीच नसतो, आणि वाळल्या गवतापेक्षा फुलोऱ्यावर आलेल्या हिरव्या गवताचाच अपराध मोठा असतो. आपल्या घरांतून तिला स्वतंत्र नावदेखील मिळालेले नाही. 'बदलत्या हवेची सर्दी' म्हणून तिची बोळवण होते, आणि कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून 'सर्दीची एक गोळी' मागून आणली, की सर्वांचे समाधान होते. ती गोळी कोणती, ती कोणासाठी, आणि तिचा अंमल शरीराच्या कोणकोणत्या मुलखावर चालतो, हे विचारण्याची आवश्यकता सहसा कोणास भासत नाही.

गेल्या कोजागिरीच्या रात्री माझ्या शेजाऱ्यांच्या गच्चीवर हा प्रश्न अनपेक्षितपणे उपस्थित झाला. हे शेजारी जिल्हा न्यायालयातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेले, सत्तरी ओलांडलेले, नेमस्त आणि स्नेहशील गृहस्थ. त्यांची भाची औषधनिर्माणशास्त्राची पदवी घेऊन स्वतःचे औषधांचे दुकान चालवते. निमित्त असे घडले, की आटीव दुधात उतरलेला चंद्र पाहण्याची ज्या मुलीला सर्वांत अधिक हौस, ती शिरस्तेदारांची नात, दहावीतली विद्यार्थिनी, नऊ वाजताच सतरंजीच्या कडेला गाढ झोपी गेली. सकाळपासून ती शिंकत होती, परवा तिची सहामाही परीक्षा सुरू व्हायची होती, म्हणून आजोबांनी आपल्या डब्यातील गोळी सकाळी एक आणि संध्याकाळी एक अशी मायेने तिला दिली होती. जागरणाच्या रात्री निजलेल्या त्या मुलीच्या उशाशी बसून मामा आणि भाची यांच्यात जो संवाद झाला, तो मी येथे आठवेल तसा देत आहे. कारण तो एका घरातला असला तरी त्यातील प्रश्न घरोघरचा आहे, अशी माझी खात्री आहे.

मामा : झोपू दे तिला. दिवसभर शिंकून पोर दमून गेली होती. आता शिंका थांबल्या आणि डोळा लागला. औषध लागू पडल्याचा याहून चांगला दाखला कोणता हवा? ही गोळी मी तीस वर्षे घेत आलो आहे. दिवाणी कायद्यात वहिवाटीचे एक तत्त्व आहे. एखाद्या वाटेने माणसे २० वर्षे उघडपणे आणि निर्वेधपणे जात-येत असली, की त्या वाटेवर त्यांचा हक्क उत्पन्न होतो, आणि पुढे कोणी तिच्यावर कुंपण घालू म्हणेल तर न्यायालय ते मान्य करीत नाही. या गोळीचा माझ्या घरातील हक्क तसाच वहिवाटीने सिद्ध झालेला आहे.

भाची : मामा, डबा पाहू. क्लोरफेनिरामिन, चार मिलिग्रॅम. गोळी जुनी आहे, प्रामाणिक आहे, आणि शिंका थांबवते, याविषयी माझी हरकत नाही. परंतु वाट निर्वेध होती असे तुम्ही म्हणता, ते मात्र तपासून पाहू या. कोणी हरकत नोंदवली नाही, एवढ्यावरून हरकतीला जागाच नव्हती असे ठरत नाही. हिला जी झोप लागली आहे ती शिंका थांबल्याच्या समाधानाने लागली, की त्या गोळीने स्वतंत्रपणे आणली?

मामा : त्यात भेद तो काय? कडू काढा घेतला म्हणजे तोंड कडू व्हायचेच. जे औषध अंगात जाऊन काही करते, त्याची खूण शरीराला पटलीच पाहिजे. ज्या गोळीने पेंगसुद्धा येत नाही तिने आत जाऊन काम केले, हे मी कशावरून मानावे?

भाची : येथेच आपल्या सर्वांची गफलत होते. गुंगीला आपण औषधाचा जोर समजतो. ती त्या औषधाची दुसऱ्याच्या हद्दीतील घुसखोरी आहे. नाकाच्या आतल्या अस्तरात मास्ट नावाच्या पेशी ठाण मांडून असतात. एखाद्याच्या शरीराने गवताच्या परागाला एकदा शत्रू ठरवले, की त्या परागाची ओळख पटवणारी प्रतिद्रव्ये या पेशींवर पहारेकऱ्यांसारखी जाऊन बसतात, आणि पुढे तो पराग श्वासाबरोबर आत आला रे आला, की या पेशी हिस्टामिन नावाचे द्रव्य बाहेर सोडतात. ते नाकातील मज्जातंतूंना आणि सूक्ष्म रक्तवाहिन्यांना भिडते. म्हणून टाळू खाजते, शिंका येतात, नाकातून पाणी गळते, डोळे चुरचुरतात. हेन्री डेल आणि पॅट्रिक लेडलॉ यांनी लंडनमध्ये १९१० साली या द्रव्याचे शरीरावरील परिणाम वर्णिले. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये डानिएल बोव्हे आणि आन-मारी स्ताउब यांनी १९३७ साली त्याला अटकाव करणारे पहिले द्रव्य शोधले. ते माणसाला देण्याजोगे नव्हते, परंतु त्या वाटेने पुढील दहा-बारा वर्षांत मनुष्याला सोसतील अशी अनेक औषधे निघाली, आणि बोव्हे यांना १९५७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. तुमची ही गोळी त्याच पहिल्या पिढीतली.

मामा : म्हणजे वंश कुलीन आहे! मग तक्रार कशाची?

भाची : तिच्या हद्दीची. हिस्टामिनाला आपले काम करण्यासाठी पेशींवरील ठराविक जागी बसावे लागते. गोळी त्या जागा आधीच अडवते. पंगतीतले सगळे पाट भरलेले असले, की मागून आलेल्या पाहुण्याला उभेच राहावे लागते, तसे हिस्टामिन ताटकळते. एवढ्यापुरते ठीक. परंतु हिस्टामिनाचे पाट मेंदूतही मांडलेले आहेत आणि तेथे त्याचे कार्य अगदी निराळे आहे. तेथे ते आपल्याला जागे ठेवते. आज आपण लक्ष्मीच्या 'कोण जागा आहे' या प्रश्नासाठी जागतो आहोत. मेंदूत हा प्रश्न विचारीत फिरणारे जे काही दूत आहेत त्यांतला हिस्टामिन हा एक प्रमुख दूत. जुन्या गोळ्या रक्त आणि मेंदू यांच्यामधला तट सहज ओलांडतात आणि तेथले पाटही अडवून बसतात. सेटिरिझिन, लोराटाडिन, फेक्सोफेनाडिन ही दुसऱ्या पिढीची औषधे त्या तटापाशी बहुतांशी अडतात. चुकून काही अंश आत गेलाच तर तो बाहेर लोटणारी यंत्रणा तेथे असते. म्हणून ती नाकात काम करतात आणि मेंदूला फारशी ठाऊक होत नाहीत. आपल्या कामाशिवाय दुसरीकडे न फिरकणारा कामगार जसा भरवशाचा, तसे हे औषध.

मामा : हे मी नव्याने ऐकले, आणि मुलीपुरते मान्य करतो. परंतु माझे काय? प्रारंभी मला गुंगी येत असे. आता तीस वर्षांत सवय झाली आणि काहीच जाणवत नाही. रात्री निजताना घेतो, सकाळी ताजातवाना उठतो. माझी जबानी तर ग्राह्य धरशील?

भाची : खाजेविषयी तुमची जबानी सोळा आणे ग्राह्य. सावधपणाविषयी मात्र नाही. कारण ज्या सावधपणाने साक्ष द्यायची, तोच या गोळीने मंद केलेला असतो. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात एक प्रयोग झाला आणि तो २००० साली प्रसिद्ध झाला. परागाची ॲलर्जी असलेल्या ४० माणसांना मोटार चालवण्याच्या कृत्रिम यंत्रापुढे बसवले. निरनिराळ्या वेळी त्यांना फेक्सोफेनाडिन, जुन्या पिढीचे डायफेनहायड्रामिन, मद्य आणि औषध नसलेली बनावट गोळी दिली. डायफेनहायड्रामिन घेतल्यावर त्यांचे गाडी चालवणे मद्य घेतल्यावेळेपेक्षाही वाईट ठरले, आणि फेक्सोफेनाडिन घेतल्यावर बनावट गोळीइतकेच चांगले राहिले. मला यात सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हे, की 'मला किती झोप येते आहे' या त्यांच्या स्वतःच्या सांगण्यावरून ते गाडी किती वाईट चालवतील, याचा अंदाज बांधता येत नव्हता. शिवाय रात्री घेतलेली गोळी रात्रीपुरतीच असते, हाही भ्रमच. क्लोरफेनिरामिनाचे रक्तातील प्रमाण निम्म्यावर यायला प्रौढ माणसात सुमारे २० तास लागतात. तुम्ही सकाळी दुचाकीवरून मंडईत जाता, तेव्हा रात्रीच्या गोळीचा अर्ध्याहून अधिक अंश तुमच्याबरोबर दुचाकीवर बसलेला असतो.

शिरस्तेदार क्षणभर गप्प राहिले. त्यांनी नातीच्या अंगावरची शाल सारखी केली, आणि मग न्यायालयात प्रतिपक्षाच्या वकिलाला वाट करून दिल्यावर आपला महत्त्वाचा कागद पुढे करावा, तशा धिम्या स्वरात ते बोलू लागले.

मामा : आता माझा पुरावा ऐक. नव्याविषयी माझा अविश्वास हा म्हातारपणाचा हट्ट नाही. गुंगी न आणणारी म्हणून जी गोळी प्रथम गाजली, ती टर्फेनाडिन. ती घेऊन माणसे हृदयाची लय बिघडून दगावली आणि ती बाजारातून काढून घ्यावी लागली, हे मी वृत्तपत्रांत वाचले आहे. सत्तर-पंच्याहत्तर वर्षे लक्षावधी माणसांनी घेतलेल्या औषधाचे सारे गुणदोष दप्तरात नोंदलेले असतात. नव्याचे दप्तर कोरे असते, आणि कोऱ्या दप्तराला लोक निष्कलंक दप्तर समजतात.

भाची : मामा, हा मुद्दा तुम्ही जिंकलात, आणि तो मी मनापासून मान्य करते. टर्फेनाडिन अमेरिकेत १९८५ मध्ये आले आणि १९९८ मध्ये काढून घेतले गेले. एरिथ्रोमायसिनसारखे जंतुनाशक किंवा केटोकोनाझोलसारखे बुरशीनाशक त्याच्याबरोबर घेतले, की यकृतात त्याचे विघटन व्हायचे थांबे, ते रक्तात साचे, आणि हृदयाचे ठोके घातक रीतीने बिघडत. परंतु त्या दप्तराचे पुढचे पान पाहा. टर्फेनाडिनाचे यकृतात जे रूपांतर होते, तेच खरे काम करणारे द्रव्य आहे आणि ते हृदयाला उपद्रव देत नाही, असे आढळले. ते वेगळे करून स्वतंत्र औषध केले, ते फेक्सोफेनाडिन. ते १९९६ पासून वापरात आहे, सेटिरिझिन आणि लोराटाडिन त्याच्याही आधीची आहेत. ही दप्तरे आता कोरी राहिलेली नाहीत. काही दशकांच्या नोंदी त्यांत झाल्या आहेत.

मामा : आणि त्या नोंदींत एकही प्रतिकूल शेरा नाही?

भाची : आहेत ना. आणि निवड करायची तर तेच शेरे वाचायला हवेत. सेटिरिझिनाने तासाभरात आराम पडू लागतो, दिवसातून एकच गोळी पुरते, किंमतही अत्यल्प. परंतु दुसऱ्या पिढीत असूनही ती काहींना पेंग आणते. तिच्या चाचण्यांत १०० पैकी सुमारे १४ जणांना पेंग आली, तर बनावट गोळी घेणाऱ्या १०० पैकी सुमारे ६ जणांना. ती मुख्यतः मूत्रपिंडावाटे बाहेर जाते, म्हणून ज्यांची मूत्रपिंडे मंदावली आहेत त्यांना तिची मात्रा कमी करावी लागते. महिनोन्महिने रोज घेऊन ती एकाएकी बंद केल्यावर क्वचित काहींना तीव्र खाज सुटते, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२५ साली दिला. लेव्होसेटिरिझिन म्हणजे त्याच द्रव्याचा कामाचा अर्धा भाग. डावा आणि उजवा हात जसे परस्परांचे प्रतिबिंब, तसे त्या रेणूचे दोन प्रकार मिश्रणात असतात, त्यांतला एक वेगळा काढलेला. म्हणून त्याची पाच मिलिग्रॅमची गोळी सेटिरिझिनाच्या दहाच्या बरोबरीची. ही दोन्ही एकत्र घेणारे लोक मी रोज पाहते. त्यांना वाटते आपण दोन औषधे घेतली, आणि प्रत्यक्षात एकाच औषधाची मात्रा दुप्पट झालेली असते. लोराटाडिन आणि फेक्सोफेनाडिन यांनी नेहमीच्या मात्रेत पेंग फार कमी येते. फेक्सोफेनाडिन मात्र साध्या पाण्याबरोबरच घ्यावे. संत्र्याच्या, सफरचंदाच्या किंवा पपनसासारख्या फळांच्या रसाबरोबर घेतले तर त्याचे शोषण घटते, आणि आम्लपित्तावरची ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमयुक्त औषधेही त्याच्या वेळेपासून दूर ठेवावीत. मग माणूस म्हणतो, गोळी कुचकामी निघाली.

मामा : तर मग सर्वांत उत्तम कोणती, एवढे एका वाक्यात सांग.

भाची : हाच प्रश्न माझ्या दुकानात रोज येतो आणि तेथेच मला थांबावे लागते. मामा, तुमच्या कचेरीत कोणी येऊन 'सर्वांत उत्तम हुकूमनामा कोणता' असे विचारले असते, तर तुम्ही काय म्हणाला असता?

मामा : म्हणालो असतो, आधी फिर्याद कोणाची आणि कशाबद्दल ते सांगा.

भाची : औषधाचेही तेच. परीक्षेला बसणारी मुलगी, एसटीचा चालक, कारखान्यात यंत्रावर उभा राहणारा कामगार, यांना जागे ठेवणारी गोळी हवी. तेथे लोराटाडिन किंवा फेक्सोफेनाडिन. इंग्लंडमध्ये शालान्त परीक्षा नेमक्या गवताच्या परागाच्या दिवसांत, म्हणजे मे-जूनमध्ये, येतात. तेथील सुमारे १८०० विद्यार्थ्यांची पाहणी २००७ साली प्रसिद्ध झाली. हिवाळ्यातील सराव परीक्षेपेक्षा उन्हाळ्यातील अंतिम परीक्षेत एखाद्या विषयाची श्रेणी घसरण्याचा संभव या व्याधीची लक्षणे असणाऱ्या मुलांत ४० टक्क्यांनी अधिक होता, आणि गुंगी आणणारी गोळी घेतलेल्यांत ७० टक्क्यांनी अधिक. व्याधीने जे नुकसान व्हायचे ते उपायाने वाढवले. आपल्याकडे गवत आश्विनात फुलते आणि सहामाहीही आश्विनातच येते. तेव्हा ही गोष्ट केवळ साहेबाच्या देशातली म्हणून सोडून देता येत नाही.

हे शब्द ऐकताना शिरस्तेदारांचा हात नातीच्या कपाळावर स्थिर झाला होता. आपण जे प्रेमाने दिले त्यात तिचे अहित होते, ही जाणीव सोसायला कठीण असते. आणि त्या क्षणी ती त्यांच्या मुद्रेवर मला स्पष्ट दिसली.

मामा : परवा पेपर आहे. आता काय करावे?

भाची : ही गोळी आतापासून बंद, परवापर्यंत तिचा अंमल बराचसा ओसरेल. उद्या सकाळीच डॉक्टरांना विचारून हिच्या वयाला योग्य अशी फेक्सोफेनाडिनाची गोळी उद्याच सुरू करू, म्हणजे ती तिला कशी मानवते ते घरी कळेल. परीक्षेच्या सकाळी कोणतीही गोळी प्रथमच घेऊ नये. आणि पाट आधी अडवायचे असतात, हे लक्षात ठेवून या महिनाभर ती रोज ठरल्या वेळी घ्यायची. शिंका आल्यावर धावाधाव करून नव्हे.

मामा : बरे. आता माझ्या नाकाचे पाहा. शिंका या गोळीने थांबतात, पण रात्री नाक असे चोंदते, की तोंडाने श्वास घ्यावा लागतो. म्हणून कधी कधी मी दोन गोळ्या घेतो.

भाची : हे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. चोंदलेले नाक ही निराळी फिर्याद आहे. ती सूज असते आणि तिच्यापुढे हिस्टामिनविरोधी गोळ्या, नव्या काय नि जुन्या काय, बऱ्याच अंशी दुबळ्या ठरतात. तिच्यासाठी नाकात मारायचा स्टेरॉइडचा स्प्रे अधिक गुणकारी.

मामा : स्टेरॉइड! ते नाव माझ्यापुढे काढू नकोस. हाडे ठिसूळ होतात, साखर वाढते.

भाची : पोटात महिनोन्महिने घेतलेल्या गोळ्यांनी ते घडते. स्प्रेची मात्रा मायक्रोग्रॅममध्ये मोजतात, ती नाकाच्या अस्तरावर काम करते आणि तिचा फार थोडा अंश रक्तात जातो. तिची अट एकच, चिकाटी. एका दिवसात चमत्कार होत नाही. पूर्ण गुण यायला कित्येक दिवस, कधी दोन आठवडेही लागतात. स्प्रेची नळी मधल्या पडद्यावर न रोखता बाहेरच्या बाजूस, कानाच्या दिशेने वळवावी, म्हणजे घोळणा फुटत नाही. याउलट नाक तत्काळ मोकळे करणारे जे थेंब मिळतात, ऑक्सिमेटाझोलिन किंवा झायलोमेटाझोलिनाचे, ते पाच-सात दिवसांपलीकडे वापरले तर नाक त्यांच्याच मागणीसाठी चोंदू लागते. आणि तुमच्या डब्यात ही दुसरी स्ट्रिप दिसते, माँटेलुकास्ट आणि लेव्होसेटिरिझिन एकत्र असलेली, ती कोणी दिली?

मामा : शेजारच्या गृहस्थांनी. त्यांना लागू पडली होती.

भाची : माँटेलुकास्टविषयी मार्च २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने आपला सर्वांत कडक इशारा दिला. काहींना त्याने दुःस्वप्ने पडतात, मन अस्वस्थ होते, क्वचित जीव देण्याचे विचारही येतात. म्हणून केवळ नाकाच्या ॲलर्जीसाठी ते, दुसरे उपाय हरल्यावरच द्यावे, असे त्यात म्हटले आहे. दमा असलेल्यास डॉक्टर विचार करून ते देतील. शेजाऱ्याच्या मुखत्यारपत्रावर मात्र ते घेऊ नये.

मामा : या सर्व गोळ्यांच्या पलीकडचा एक प्रश्न विचारतो. आमच्या लहानपणी गवत नव्हते का? मग गोळीच्या मागे लागण्यापेक्षा गवतापासूनच दूर राहावे, हे शहाणपणाचे नाही का?

भाची : जेवढे जमेल तेवढे अवश्य राहावे. पहाटे खिडक्या लावून घ्याव्यात, टेकडीवरून आल्यावर तोंड-केस धुऊन कपडे बदलावेत, कपडे गच्चीऐवजी घरात वाळवावेत, उकळून निववलेल्या पाण्यात मीठ घालून नाक धुवावे. याने गोळीची गरज कमी होते. परंतु वाऱ्याला कुंपण घालता येत नाही. जॉन बोस्टॉक या इंग्रज डॉक्टराने १८१९ साली स्वतःच्याच या व्याधीची कैफियत लंडनच्या वैद्यकसभेपुढे मांडली. त्याने रक्त काढवले, थंड स्नाने केली, अफू घेतली, आणि कारण मात्र उन्हाळ्याच्या उष्णतेत शोधले. पुढे मँचेस्टरच्या चार्ल्स ब्लॅकली यांनी, त्यांनाही हीच व्याधी होती, स्वतःच्या नाकाडोळ्यांवर परागांचे प्रयोग करून खरा अपराधी दाखवून दिला आणि १८७३ साली ग्रंथ लिहिला. त्यांनी चिकट काचपट्ट्या पतंगाला बांधून आकाशात सोडल्या. उंच हवेतही त्यांवर पराग येऊन चिकटले. आणि तुमच्या लहानपणचे गवत तेच होते, असेही समजू नका. गाजर गवत ही मूळ अमेरिका खंडातली वनस्पती. आपल्या देशात तिची नोंद १९५० नंतरच्या दशकात प्रथम झाली ती याच पुण्यात. आज ती प्रत्येक मोकळ्या भूखंडावर उभी आहे, आणि तिचा पराग नाक आणि कातडी दोहोंना जाचतो.

बोलता बोलता दूध निवले होते. भाचीने पेला मामांच्या हाती दिला, आणि आतापर्यंतच्या स्वराहून निराळ्या, हळव्या स्वरात तिने विचारले.

भाची : मामा, एक घरगुती गोष्ट विचारते. रात्री किती वेळा उठता?

मामा : चार वेळा. आणि उठल्यावरही तिष्ठत उभे राहावे लागते. वय झाले.

भाची : उशाशी पाण्याचा तांब्या असतो, तो सकाळी रिता असतो. इसबगोल तर माझ्याच दुकानातून जातो. कोरडे तोंड, अडखळणारी लघवी, कुंथणे. या तिन्ही फिर्यादी तुम्ही वयाच्या नावाने दाखल केल्यात. वयाचा वाटा असेलही, आणि त्यासाठी डॉक्टरांना प्रोस्टेट दाखवाच. परंतु ही जुनी गोळी हिस्टामिनाबरोबर ॲसिटिलकोलिन नावाच्या दुसऱ्या दूतालाही अडवते, आणि लाळ, मूत्राशय, आतडी हा त्याचाच मुलूख. वृद्धांनी टाळावयाच्या औषधांची 'बिअर्स' नावाची यादी अमेरिकेतील वृद्धरोगतज्ज्ञ वेळोवेळी प्रसिद्ध करतात. तिच्यात या पिढीच्या गोळ्या आहेत, कारण त्यांनी वृद्धांना भ्रम होतो, तोल जातो, लघवी तुंबते. चाळिशीत जी गोळी तुम्हाला मानवली ती सत्तरीत मानवेल, हे गृहीत धरता येत नाही. वाट तीच राहिली, परंतु जमीन खचली.

शिरस्तेदारांनी बराच वेळ उत्तर दिले नाही. मग ते म्हणाले, "एकतर्फी फैसला मी देणार नाही. रक्त तपासून डॉक्टर काय लिहितील ती गोळी घेतो, स्प्रेही घेतो. वसुबारसेपर्यंत हा खटला तहकूब. रोजची नोंद मी ठेवीन."

मला या संवादाचे मोल वाटले ते यासाठी, की त्यात कोणी कोणाला पराभूत केले नाही. नव्याचे दप्तर वाचल्यावाचून त्यावर विश्वासू नये, हे मामांचे म्हणणे खरे. आणि जुन्याचे दप्तरही पुन्हा पुन्हा उघडले पाहिजे, कारण ते घेणारा माणूस दरवर्षी बदलत असतो, हे भाचीचे म्हणणेही तितकेच खरे. आपण औषधाला त्याच्या जोरावरून, किमतीवरून किंवा शेजाऱ्याच्या शिफारशीवरून निवडतो. वास्तविक निवड करायची असते ती आपल्या तक्रारीची, आपल्या वयाची, आपल्या उद्याच्या कामाची नीट विचारपूस करून. शिंक ही क्षुल्लक गोष्ट आहे. परंतु क्षुल्लक दुखण्यावर डोळे मिटून घेतलेली गोळी तीस वर्षे माणसाची झोप, तहान आणि सावधपणा यांच्यावर राज्य करू शकते, आणि रयतेला त्या राजाचे नावही ठाऊक नसते. हे मला फार गंभीर वाटते.

वसुबारसेच्या संध्याकाळी गाय-वासराची पूजा आटोपल्यावर शिरस्तेदारांनी मला आपली वही दाखवली. नातीचे सर्व पेपर जागेपणी लिहून झाले होते. भूगोलाच्या पेपरात तिला दोन शिंका आल्या, हीही नोंद होती. स्वतःपुढे त्यांनी रकाने आखले होते. शिंका : सोळावरून तीनवर. नाक : पहिले सहा दिवस चोंदलेले, पुढे मोकळे. रात्री उठणे : चारवरून दोन, प्रोस्टेटची तपासणी झाली, उपचार सुरू. त्याखाली शिरस्तेदारी वळणाच्या ठसठशीत अक्षरांत 'वहिवाट खंडित' असा शेरा होता, आणि सर्वांत शेवटी, त्याच दिवसाच्या तारखेने, एक ओळ :

"उशाशी ठेवलेला तांब्या सकाळी भरलेलाच होता."